चटणीच्या पाकिटावरचं राज्य

मी बेळगावच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करतो. जमिनीचे, वाटणीचे, बांधाचे दावे, हे माझं पोट. या तीस वर्षांत अशिलांना एकच गोष्ट जीव तोडून सांगत आलो, की वाचल्याशिवाय सही करू नका, अंगठा तर मुळीच देऊ नका. आणि थोरल्या बहिणीचं ऑनलाइन दुकान उघडून द्यायला बसलो, तेव्हा समोर आलेला विक्रेत्याचा लांबलचक करार मी बोटानं वर सारत सारत तळाला नेला आणि ‘मला मान्य आहे’ या चौकोनात खूण केली. चहा निवत होता, म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. तिला बोरगावला दिली होती. तिथला संसार तिनं बत्तीस वर्षं ओढला आणि एक दिवस दोन पिशव्या घेऊन निपाणीला आप्पांकडं, म्हणजे आमच्या वडिलांकडं परत आली. काय झालं ते तिनं सलग कधी सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यानं एवढं कळलं, की त्या घरात काही हरवलं की पहिलं बोट तिच्याकडं वळायचं. शेवटी सासूच्या पाटल्या सापडेनात, तेव्हा नवऱ्यानं चार माणसांसमोर तिला ट्रंक उघडायला लावली. पाटल्या ट्रंकेत नव्हत्या. पण मग तिथं राहावं असंही काही उरलं नाही. मी वकील भाऊ, मी काय केलं? एक नोटीस पाठवली. नोटिशीला उत्तर आलं नाही आणि आक्कानं मला पुढं काही करू दिलं नाही.

आई गेल्यापासून आप्पा निपाणीच्या घरात एकटेच होते. वय ऐंशीच्या पुढं. कान तिखट, डोळे ठीक, हात मात्र कापायचे, आणि ते त्यांच्या मनाला फार लागायचं. कारण जन्मभर ते हातावरच जगले. आप्पा बोर्ड रंगवायचे. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी, कापडाची दुकानं, सलून, पिठाच्या गिरण्या, सगळ्यांच्या कपाळावर एकेकाळी त्यांचं अक्षर होतं. फ्लेक्स आले आणि ते घरी बसले. तरी रस्त्यानं जाताना एखाद्या बोर्डापाशी थांबून “ह्यो ळ कुणी काढलाय, गाढवानं?” असं मोठ्यानं विचारायची सवय गेली नाही.

आक्काच्या हाताला चटणी चांगली. आमच्याकडं चटणी म्हणजे मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धणे सगळं भाजून, डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, कुटून वर्षाची बरणी भरतात ती लाल चटणी. ती घरात नसेल तर आमटी होत नाही आणि पाहुण्याला परत जाताना ती बांधून दिली नाही तर पाहुणचार पुरा होत नाही. माघारी आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आक्कानं घरापुरती केली. शेजारणीनं मागितली, तिच्या कोल्हापूरच्या नणंदेनं मागितली, गल्लीतल्या, पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांनी मागितली. मी दर शनिवारी बेळगावहून निपाणीला जातो, वाटेत संकेश्वरच्या बाजारात थांबून तिच्यासाठी मिरचीचं पोतं गाडीत टाकू लागलो. माझ्या कोटाला मिरचीचा वास यायचा. कोर्टात शेजारचा वकील शिंकला की मी दुसरीकडं बघायचो.

मग मलाच हुक्की आली. म्हटलं, एवढ्या मोठ्या ऑनलाइन बाजारात लोक शेणाच्या गोवऱ्या विकतात, आक्काची चटणी का नको? आक्का म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं? तूच बग.” पण दुकान कुणाच्या नावावर करायचं असं विचारलं तेव्हा तिनं पटकन पदर खोचला आणि म्हणाली, “माझ्या.” तिच्या नावावर आजवर काही नव्हतं. ना घर, ना शेत, ना गॅसचं सिलिंडर. कागदावर तिचं नाव यायचं ते कुणाची तरी मुलगी नाहीतर बायको म्हणून. ‘मालक’ या रकान्यात तिचं नाव मी टाइप केलं, तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, “पुन्यांदा दाव की.”

कागदपत्रं करायला निपाणीतल्या एका कर सल्लागाराकडं गेलो. आप्पाही हट्टानं बरोबर आले. सल्लागार भला माणूस. त्यानं विचारलं, “माल जाणार कुठं कुठं?”

“लांब काय न्हाय,” आक्का म्हणाली. “कागल, कोल्हापूर, लई झालं तर पुनं.”

“मग टॅक्सची नोंदणी पायजेच. राज्याच्या आतच विकणार असता तर सूट मिळाली असती. ऑनलाइनवर परराज्यात माल जाणार म्हटल्यावर न्हाय चालत.”

“परराज्यात कोण विकतंय?” आप्पांनी विचारलं.

“कागल, आप्पा.”

“कागल परराज्य?” आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. “सायकलवर जाऊन बोर्ड रंगवून जेवायला घरी येत हुतो मी कागलातनं!”

सल्लागार हसला, मीही हसलो. तिथल्या तिथं आप्पांची, घराचे मालक म्हणून, एका इंग्रजी संमतीपत्रावर सही घेतली. या घरात माझ्या मुलीनं धंदा करायला माझी हरकत नाही, असं ते पत्र. त्यात पत्त्यापुढं कर्नाटक असं छापलेलं होतं. ते मी आप्पांना वाचून दाखवलं नाही. मुद्दामच दाखवलं नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. सीमाप्रश्नाच्या चळवळीत आप्पांनी तरुणपणी गावातल्या भिंती रंगवल्या होत्या आणि त्यापायी आठवडाभर कोठडीत काढला होता. पुढं मोर्चे विरळ झाले, बरोबरीची माणसं एकेक करून गेली, पण आप्पांनी स्वतःपुरता एक नेम धरून ठेवला. आपल्या गावाच्या पुढं कर्नाटक हा शब्द आपल्या हातानं लिहायचा नाही. राग भाषेवर नव्हता, माणसांवर तर नव्हताच. कन्नड ते झकास बोलत, पलीकडच्या घरातल्या कन्नड आजोबांशी त्यांचा रोज तास दीड तास कट्टा चाले. रेशनकार्डावर, आधारवर, लाइटच्या बिलावर कर्नाटक असायचंच. त्यावर त्यांचं म्हणणं एकच, “ते त्यांनी लिवलंय. मी न्हाय लिवलं.” या नेमापायी त्यांनी सरकारी शाळांचे, पंचायतींचे बोर्ड हातचे घालवले आणि आईची बोलणी खाल्ली. स्वतः पत्र लिहिलं की शेवटी ते ‘निपाणी, महाराष्ट्र’ असंच लिहीत आणि पत्रं, पत्रांची उत्तरं बिनबोभाट पोचत. पोस्टाला पिनकोड पुरतो. आमच्या भागात असा नेम पाळणारी घरं काही थोडकी नाहीत. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पिशवीवर, देवळाच्या पावतीवर तसं छापतात, आणि त्यात कुणाला काही चुकलंय असं वाटत नाही.

तर पाकिटाच्या लेबलचा विषय निघाला तेव्हा आप्पा म्हणाले, लेबल मी लिहिणार. कापत्या हातानं त्यांनी आठ दिवस घेतले. वर आक्काचं नाव, मधे लाल मिरची, खाली घटक, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात पत्ता. निपाणी, जिल्हा बेळगाव, महाराष्ट्र.

मी ते बघितलं. वकिलाची नजर आहे, नाही कसं दिसणार? पाकिटावर उत्पादकाचा पूर्ण आणि खरा पत्ता हवा, हा नियम मला ठाऊक होता. पण आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. कितीतरी वर्षांनी त्यांनी काहीतरी लिहिलं होतं आणि ते छापून जाणार होतं. आक्का म्हणाली, “किती ग्वाड दिसतंय न्हवं?” मी म्हणालो, “झकास.” मनात म्हटलं, कोण बघतंय एवढं! आमच्याकडं सगळेच असं लिहितात, माझ्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवर तेच होतं.

आठ महिने दुकान चाललं. चाललं म्हणजे काय, आक्काचा चेहराच पालटला. सकाळी उठून ती आधी मोबाइल बघायची. कुणा अनोळखी बाईनं लिहिलेलं असायचं, ‘आईच्या हातची आठवण आली’, ते ती मला फोनवर वाचून दाखवायची. कुरियरवाला आला की दारातून हाक मारायचा, “मालक हायत काय?” आणि ती आतून ओ द्यायची. बोरगावच्या एका बाईनंही चटणी मागवली होती. आक्कानं ते पाकीट जरा जास्तच निगुतीनं बांधलं.

मग एका सोमवारी दुपारी तिचा फोन आला. “अरं, काहीतरी इंग्रजी आलंय. दुकान दिसंना झालंय.”

मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहून तिनं पाठवलेला फोटो वाचला. उत्पादनावरचा उत्पादकाचा पत्ता नोंदणीतल्या पत्त्याशी जुळत नाही. ग्राहकांची दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल आपलं खातं बंद करण्यात येत आहे. खाली सही नाही, नाव नाही. ‘आपली विश्वासू टीम’ एवढंच.

“काय लिवलंय?” तिनं विचारलं.

मी अर्थ सांगितला.

“दिशाभूल म्हंजे?” ती म्हणाली. “मी फसवलं म्हंत्यात व्हय?”

“तसं न्हाय गं आक्का. कायद्याची भाषा असती ती.”

“फसवलंच म्हंत्यात न्हवं पन?”

तीस वर्षं मी शब्दांचा कीस पाडून पोट भरतोय. त्या दिवशी मात्र ‘संध्याकाळी बोलतो’ म्हणून फोन ठेवला.

कारण काय ते आप्पांना सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. ‘सरकारी तपासणी चालू आहे’ असं सांगितलं. मी कामाला लागलो. दुसऱ्या प्रेसमधून साधी, कॉम्प्युटरवरची लेबलं कर्नाटक घालून छापून घेतली आणि त्यांचा फोटो पाठवला. उत्तर आलं, आपली विनंती नोंदवली आहे. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. मदतीच्या नंबरवर फोन केला. हिंदीसाठी अमुक दाबा, कन्नडसाठी तमुक दाबा. दाबलं. एका मुलीनं मधाळ आवाजात सांगितलं, ‘मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ सर.’ माझी परेशानी काय आहे ते मी अजून सांगितलंच नव्हतं. मी चिडून म्हणालो, तुमच्या वरच्या साहेबांना द्या. ती म्हणाली, वर फोन जात नाही. कुठं जातो मग? ती म्हणाली, ‘मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ सर.’

कायद्यानं अशा कंपनीला तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. नेमला होता. त्याला सविस्तर लिहिलं, कलमांसकट. मेल पोचल्याची पावती आली आणि विषय संपला. रजिस्टर पोस्टानं नोटीस काढली, तिच्या पोचपावतीवर एक वाकडा शिक्का येऊन पडला. ग्राहक न्यायालयात जावं, तर तिथं ग्राहकाला दाद, आक्का ग्राहक नव्हती, विकणारी होती. दिवाणी दावा लावावा म्हणून तो करार शेवटी काढून वाचला. पहिल्यांदा. वाद झाल्यास लवादापुढं जावं लागेल आणि लवाद बसेल उत्तरेतल्या एका शहरात, असं कलम त्यात होतं आणि त्याला मीच मान्यता दिली होती. अशिलानं असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. चेंबरमध्ये उभं करून झापलं असतं त्याला.

अन्न नोंदणीच्या कार्यालयातही गेलो. पत्त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता, माल चांगला आहे, असं काहीतरी लिहून द्या म्हटलं. अधिकारी तरुण, अदबशीर. माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, “आगंगिल्री सर.” नाही होणार. आमच्याकडून नोंदणी चालूच आहे, आम्ही बंद कुठं केली? मग काय लिहून देऊ? त्याचं बरोबरच होतं. कोर्टात बरं असतं. तिथं निदान शिपाई असतो, कारकून असतो, साहेब आज रजेवर आहेत हे सांगायला तरी कुणी असतं. माणूस दिसला की भांडता येतं, हात जोडता येतात. इथं मी भांडू कुणाशी आणि हात जोडू कुणाला?

दोन महिने गेले. आक्का सकाळी उठून मोबाइल बघायची आणि पालथा घालून ठेवायची. डंकवालीनं विचारलं, यंदा मिरची कधी आणणार, तर म्हणाली, बगू. एक दिवस ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, “त्या बोरगावच्या बाईला बी कळलं आसंल न्हवं? दुकान काढून टाकलंय ते?” ती रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

पुढच्या शनिवारी मी घरात पाऊल टाकलं आणि आप्पांनी तोफ डागली. “एवढा कोट घालून हिंडतोस, एका पोरीचं दुकान उगडून देता येईना तुला. काय चाटायची हाय तुजी वकिली?”

मी दमलो होतो, चिडलो होतो, खरं म्हणजे स्वतःवरच चिडलो होतो. तोंडातून निघून गेलं, “तुमच्या त्या एका शब्दानं बंद पडलंय, आप्पा! महाराष्ट्र लिवलंय न्हवं तुमी पाकिटावर, त्यानं!”

आक्का आतून धावत आली. “गप रं,” म्हणाली. पण आता काय, वरातीमागून घोडं.

आप्पांनी आक्काला चटणीचं एक पाकीट आणायला सांगितलं. चष्मा लावून तळाची ओळ वाचली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, “तुला आदी म्हाईत हुतं?”

“व्हय.”

“मग बोलला का न्हाईस?”

म्हटलं, तुमच्या तोंडाकडं बघून धीर झाला नाही. आणि वकील माणूस, एकदा कबूल करायला लागलं की सगळंच बाहेर येतं. इंग्रजी संमतीपत्राचंही सांगून टाकलं. त्यावर कर्नाटक होतं, तुम्हांला वाचून न दाखवता सही घेतली, असं.

“म्हंजे सही आदीच घेतलीस माजी,” आप्पा म्हणाले. एवढंच. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आक्कानं ताट दोनदा नेलं आणि परत आणलं. मला असं वाटलं, की मारलं असतं तरी चाललं असतं.

मी कंपनीच्या फॉर्मवर एक शेवटचा पर्याय शिल्लक असल्याचं बघून ठेवलं होतं. जागेच्या मालकानं स्वतःच्या सहीचं पत्र द्यायचं, की लेबलवरचा पत्ता चुकीचा होता आणि जागा प्रत्यक्षात अमुक राज्यात आहे. कुठल्याही भारतीय भाषेत चालेल, असं लिहिलं होतं. हा पर्याय एकदाच वापरता येत होता. मी तो विषय आप्पांकडं कधीच काढणार नव्हतो. रविवारी सकाळी आक्कानं मात्र चहा देताना मला विचारलं, आता काहीच उरलं नाही का, आणि मी दबल्या आवाजात तिला तो सांगितला. ती लगेच म्हणाली, “नगो. त्यास्नी नगो सांगू.” आप्पांचे कान तिखट आहेत हे आम्ही दोघंही विसरलो.

“कागद आन,” आप्पा बाहेरून म्हणाले.

मी म्हणालो, मी टाइप करून आणतो, तुम्ही फक्त सही करा.

“आंधळ्यागत सही एकदा केली. आता लिवायचं तर उगड्या डोळ्यानं लिवीन. माज्या हातानं.”

आक्का त्यांच्या पायापाशी बसली. “आप्पा, ऱ्हाऊ द्या. मला नगो दुकान. मी आपली घरातनं विकीन.”

“दुकानाचं न्हाय गं,” आप्पा म्हणाले. “त्यांनी तुला फसवी म्हटलंय. लिवलंय मी, आन् आळ तुज्यावर? बोरगावात मी गप बसलो. आता न्हाय बसत.”

त्यांनी जुना पेन मागितला, चपट्या टोकाचा. शाई वाळली होती, ती मी कोमट पाण्यात सोडवली. कागदावर आधी पेन्सिलीनं रेघा आखल्या, फूटपट्टी मी धरली. मग एकेक अक्षर. मी अमुक तमुक, राहणार निपाणी. माझ्या मुलीच्या मालावर पत्ता मी लिहिला. त्यात माझ्या मुलीचा दोष नाही. तिनं कुणालाही फसवलेलं नाही. सदर घर ज्या राज्यात आहे ते राज्य, असं लिहून ते थांबले. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट दाबून धरलं. मला वाटलं आता पेन खाली ठेवतील, आणि ठेवावा असंही वाटलं. मी दुसरीकडं बघत राहिलो.

त्यांनी तो शब्द लिहिला. घाईनं उरकला नाही. सगळ्या पानात तो शब्द सगळ्यांत नीट आला होता, बोर्डावर यायचा तसा, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. लिहून झाल्यावर मान मागं घेऊन त्यांनी बघितलं.

“क बरा आलाय न्हवं?” त्यांनी मला विचारलं.

“बरा आलाय, आप्पा.”

“नको असला तरी शब्दच हाय. वाकडा लिवायचा न्हाय.”

आक्का उठून मागच्या दाराला गेली. सगळं पत्र लिहून होईपर्यंत जेवणवेळ झाली. सही केली, तारीख घातली आणि घडी करू नकोस म्हणाले, घडीनं अक्षर मोडतं. मी मोबाइलवर त्याचा नीट उजेडात फोटो काढला, तो फॉर्मला जोडला आणि पाठवून दिला. आप्पांना सांगितलं, गेलं. ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “आता वाचत्याल.”

मी हात धुवून पाटावर बसलो. आक्कानं भाकरी वाढली, त्यावर चटणी, चटणीवर तेल. पहिला घास घेतला नाही तोच मोबाइल वाजला. पत्र पाठवून चार मिनिटं झाली होती. आपण दिलेल्या कागदपत्रांची काळजीपूर्वक तपासणी करण्यात आली आहे. ग्राहकांच्या हिताच्या दृष्टीनं आपलं खातं कायमचं बंद राहील. हा निर्णय अंतिम आहे. या संदेशाला उत्तर देऊ नये.

आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. मी मोबाइल तिच्याकडं केला. इंग्रजी तिला येत नाही, पण हा नमुना आता तिच्या ओळखीचा झाला होता. तिनं तो खाली ठेवला आणि तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी करपली होती. “त्यास्नी आज सांगू नगो,” म्हणाली. “आज जेवू दे.”

आप्पा त्या दिवशी दीड भाकरी जेवले.

मग आठवडा गेला. दावा लावायचा का, याचा मी खरंच विचार केला. उत्तरेतलं शहर, तिथला वकील, तारखा, आणि आप्पांचं वय. अशिलांना मी असल्या वेळी सांगतो, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ते स्वतःला सांगताना शरम वाटत होती, पण सांगितलं. पुढच्या शनिवारी निपाणीला गेलो. मिरची आणली नाही, संकेश्वरात थांबलोच नाही. आप्पा ओसरीवर माझीच वाट बघत होते. अंगात इस्त्रीचा सदरा, डोळ्यावर चष्मा.

“आलं काय उत्तर?”

मी चप्पल काढली, त्यांच्या शेजारी बसलो. खोटं बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो. “आलं, आप्पा. दुकान न्हाय उगडत म्हणाले.”

त्यांनी मान हलवली. आक्का भांडी घासायची थांबली होती, तेवढं बाहेर कळत होतं.

“बरं,” आप्पा म्हणाले. “उगडत न्हाय तर न्हाय. पन पत्र वाचलं न्हवं त्यांनी?”

मी त्यांच्याकडं बघितलं. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता, कापू नये म्हणून.

“वाचलं,” मी म्हणालो.

“सगळं?”

“सगळं वाचलं. एक सायेब हुते मोठे. आक्काचा काय दोष न्हाय म्हणाले.”

“मराठी मानूस हुता काय रं?”

“व्हय, आप्पा.”

आप्पांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. “मग त्येला कळलं आसंल,” ते म्हणाले.